डबा कोणत्या आजारासाठी फिरतो?

'रॅगिंग' हा शब्द मराठीत आला तो भीती घेऊनच. वसतिगृहातल्या नव्या मुलाला रात्री उठवायचे, चारचौघांत अपमान करायचा, प्रसंगी जिवावर बेतेपर्यंत छळायचे, हाच त्याचा आपल्याला ठाऊक असलेला अर्थ. महाराष्ट्राने १९९९ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. पण ज्या इंग्रजी शब्दावरून तो आला, त्या 'रॅग'ला ब्रिटनमधल्या विद्यापीठांत दुसराही एक अर्थ आहे. विद्यार्थ्यांनी सोंगे घ्यावीत, मिरवणूक काढावी, डबे खुळखुळवत गावभर फिरावे आणि जमलेला पैसा एखाद्या धर्मादाय कामाला द्यावा, यालाही तिथे 'रॅग' म्हणतात. एका शब्दाला फुटलेले हे दोन फाटे आहेत. आपल्याकडे फक्त पहिला पोचला.

माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे आणि पोटापाण्याचा उद्योग हिशेब तपासण्याचा. त्यामुळे कुठल्याही संस्थेविषयी वाचताना पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे आधी पाहायची सवय जडली आहे. रस्त्यावर जमणाऱ्या वर्गण्यांविषयी गेली काही वर्षे वाचत आलो. त्यात विद्यार्थ्यांनी आजारांसाठी जमवलेल्या पैशाचा विषय आला आणि तिथे मी थबकलो. डब्यातल्या नाण्यांची बेरीज जमते, पण त्या डब्यावर एका आजाराचे नाव लिहिल्याने काय काय घडते, याची नोंद कुठल्याच खातेवहीत नसते. त्या नोंदीचा शोध घ्यायचा हा प्रयत्न आहे.

इमारतीकडून आजाराकडे

रॅग म्हणजे मुळात छेड, खोडी, दंगा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधली विद्यापीठाची पोरे वर्षातून एखादा दिवस गावात धुडगूस घालीत आणि गाव तो कसाबसा सहन करी. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात या दंग्याच्या हातात डबा आला. मुले चित्रविचित्र वेश करून रस्ते अडवीत आणि पैसे टाकल्याशिवाय वाट देत नसत. दंगा तोच राहिला, पण त्याला कारण मिळाले. हे कारण बहुतेक ठिकाणी गावचे रुग्णालय असे.

त्या काळी तिथली बरीचशी रुग्णालये सरकारी नव्हती. ती देणग्यांवर चालत. १८७०च्या दशकात लंडनमध्ये 'हॉस्पिटल संडे' आणि 'हॉस्पिटल सॅटर्डे' असे दोन निधी सुरू झाले. रविवारी चर्चच्या थाळीत जमलेले पैसे पहिल्यात जात. दुसरा निधी शनिवारचा, कारण कामगारांच्या हाती पगार पडे तो शनिवारी. १९१२ साली राणी अलेक्झांड्राच्या नावाने कृत्रिम गुलाब विकून रुग्णालयांसाठी पैसा उभा करायची प्रथा पडली. युद्धाच्या काळात रस्त्यावरच्या अशा विक्रीला आणि वर्गणीला ऊत आला, तेव्हा १९१६ साली पार्लमेंटने कायदा करून तिच्यावर परवानगीचे बंधन आणले. म्हणजे विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा ती वाट आधीच मळलेली होती.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि रुग्णालये सरकारने चालवायला घेतली. डब्यांचे मूळ कारणच संपले. पण डबे थांबले नाहीत. ते इतर कामांकडे वळले आणि त्यांत वेगवेगळ्या आजारांसाठी काम करणाऱ्या संस्थाही होत्या. 'रॅग' या अक्षरांतून 'पैसा उभारा आणि द्या' असा अर्थ काढला गेला तोही नंतरच.

हा बदल वरवर लहान दिसतो, पण मला तो कळीचा वाटतो. गावचे रुग्णालय सगळ्यांचे असते. त्याच्या डब्यात पैसे टाकताना 'हे कोणासाठी?' असा प्रश्न पडत नाही, कारण उद्या आपला पाय मोडला तर आपल्यालाही तिथेच जायचे असते. आजाराचे तसे नाही. शेकडो आजारांतून एक निवडावा लागतो. निवड आली की 'हाच का?' हा प्रश्न आला, आणि त्यामागोमाग 'हा आजार कोणाचा?' हाही. या दुसऱ्या प्रश्नाची कसोटी लागली ती कॅनडात.

वॉटर्लू, १९६१

कॅनडाच्या ऑन्टॅरियो प्रांतात वॉटर्लू नावाचे शहर आहे. तिथल्या वॉटर्लू लूथरन विद्यापीठात (आजचे विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठ) १९६१ साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या आठवड्यात एक नवा कार्यक्रम ठेवला गेला. मुलांनी पॉलिशची डबी आणि ब्रश घेऊन गावात जायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बुटांना पॉलिश करायचे आणि लोक देतील ते पैसे धर्मादायासाठी जमा करायचे. चमकवणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्याला 'शाइनरामा' असे नाव पडले. उत्तर अमेरिकेतल्या विद्यापीठांत हाच आठवडा नवागतांच्या खोड्या काढण्याचा. आपण ज्याला रॅगिंग म्हणतो त्याच्या हंगामात हे काम उभे राहिले.

मराठी वाचकाला इथे थोडे अडखळल्यासारखे होईल. आपल्या समाजात चामड्याला आणि दुसऱ्याच्या पायातल्या वस्तूला हात लावणे हे काम जातीने वाटून दिलेले होते. १९९० साली मंडल आयोगाच्या शिफारशींविरुद्ध दिल्लीत आंदोलन पेटले तेव्हा सवर्ण विद्यार्थी रस्त्यावर बसून बुटांना पॉलिश करीत होते. 'आता आमच्यावर हीच पाळी येणार' हे त्यांना दाखवायचे होते. ते काम पिढ्यान् पिढ्या करणाऱ्यांना त्यातून काय ऐकू गेले असेल, हे सांगायला नको. दोन्हीकडे हात विद्यापीठाच्या मुलांचे आणि ब्रशही तसाच. पण एकीकडे ती सेवा झाली आणि दुसरीकडे हिणवणे झाले. कॅनडातली मुले त्या कामाला कमी लेखत नव्हती असे मी छातीठोक म्हणणार नाही. मात्र एका दिवसापुरते खाली बसून अनोळखी माणसाच्या पायाशी काम करण्यात त्यांना लाज वाटली नाही, एवढे खरे.

१९६४पासून शाइनरामाचा पैसा एका ठरावीक कारणासाठी जाऊ लागला. 'सिस्टिक फायब्रोसिस' हे त्या आजाराचे नाव. त्यासाठी काम करणारी कॅनडातली संस्था १९६० साली, म्हणजे नुकतीच स्थापन झाली होती. पुढे एकेक विद्यापीठ सामील होत गेले आणि देशभरातल्या अनेक महाविद्यालयांत सप्टेंबरच्या सुमारास हा दिवस पाळला जाऊ लागला. कालांतराने कापडी बूट आले, पॉलिश मागे पडले. मुले गाड्या धुऊ लागली, रिकाम्या बाटल्या जमवू लागली, चौकात डबे घेऊन उभी राहू लागली. या साऱ्यातून आजवर दोन कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली आहे.

हिशेबाच्या नजरेने पाहिले तर विद्यापीठ ही वर्गणीसाठी फार सोयीची जागा आहे. दर वर्षी नवे, उत्साही, मोकळा वेळ असलेले हजारो हात आपोआप मिळतात. त्यांना पगार द्यावा लागत नाही. ती मुले गावात नवी असतात, त्यामुळे शहर पाहायचे निमित्तही होते. पण याच व्यवस्थेत एक कच्चा दुवा आहे. तीन-चार वर्षांत सगळी माणसे बदलतात. डबा पुढच्या तुकडीकडे जातो, पण तो कशासाठी हाती घेतला होता, ही माहिती मात्र बरोबर जातेच असे नाही.

खारट घाम

हा आजार काय आहे, ते थोडक्यात सांगतो. आपल्या शरीरातल्या पेशींच्या आवरणातून मीठ आणि पाणी आत-बाहेर करणारे एक प्रथिन असते. ते नीट बनले नाही तर फुप्फुसांतला कफ, स्वादुपिंडातला रस, सगळेच घट्ट आणि चिकट होते. कफ सुटत नाही, त्यात जंतू घर करतात, फुप्फुसे हळूहळू निकामी होतात. पाचक रस आतड्यात पोचत नाही, म्हणून मूल पोटभर खाते तरी वाळत जाते. आणि त्याचा घाम नेहमीपेक्षा फार खारट असतो. ज्या बाळाच्या कपाळाचा मुका खारट लागतो ते जगत नाही, अशी युरोपात जुनी लोकसमजूत होती. आजाराला नाव नव्हते तेव्हाही आयांना तो चवीने कळत असला पाहिजे.

वैद्यकाने त्याला स्वतंत्र आजार म्हणून ओळखले ते १९३८ साली, न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांच्या शवविच्छेदनांवरून. १९४८च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उन्हाने कोसळून रुग्णालयात आलेल्या मुलांत या आजाराची मुले बरीच दिसली. त्या धाग्यावरून डॉ. पॉल दि सांताग्नेसे यांनी घामातले मीठ मोजले आणि १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५९मध्ये घाम तपासण्याची सुरक्षित पद्धत ठरली आणि आजही निदानाचा तोच मुख्य आधार आहे. कॅनडातली संस्था स्थापन झाली त्या सुमारास या आजाराची बहुतेक मुले बालवाडीच्या वयापर्यंतही पोचत नसत.

आता डब्याकडे वळू. त्या संस्थेचा पैसा उपचार-केंद्रे आणि संशोधन या दोन्हींवर खर्च झाला. टोरोंटोच्या 'हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रेन'मध्ये लॅप-ची त्सुई आणि जॉन रिओर्डन यांचे गट या आजारामागचे जनुक शोधत होते. मिशिगन विद्यापीठातले फ्रान्सिस कॉलिन्स त्यांना येऊन मिळाले. सप्टेंबर १९८९मध्ये जनुक सापडल्याचे प्रसिद्ध झाले. ते सातव्या गुणसूत्रावर होते. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात १४८० घटकांची साखळी असते आणि बहुतेक युरोपीय रुग्णांत त्यातला ५०८व्या जागेवरचा एकच घटक गळालेला असतो. या संशोधनामागे कॅनडाच्या संस्थेचे पाठबळ होते. चौकातल्या डब्यात पडलेल्या कुठल्या नाण्याने कुठली परीक्षानळी आली, हे कोणी सांगू शकत नाही. पण तो पैसा याच खात्यात जात होता, हे नक्की.

पुढच्या काळात आयुष्य वाढत गेले. २०१७ साली एका अभ्यासाने कॅनडा आणि अमेरिका यांतल्या रुग्णांची तुलना केली. २००९ ते २०१३ या काळात कॅनडातल्या रुग्णांचे अपेक्षित आयुर्मान सुमारे ५१ वर्षे होते, अमेरिकेतल्यांचे सुमारे ४१. आजार तोच, औषधेही जवळपास तीच. आहार, फुप्फुस-प्रत्यारोपणाची संधी आणि विमा यांतल्या फरकाकडे संशोधकांनी बोट दाखवले. डब्याने जे सापडते ते रुग्णापर्यंत पोचवायला सरकारी व्यवस्थाच लागते, हे या दहा वर्षांच्या फरकावरून दिसते.

कार्लटनचा ठराव

नोव्हेंबर २००८मध्ये राजधानी ओटावातल्या कार्लटन विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेने एक ठराव केला. शाइनरामाच्या जागी दुसरे कारण निवडायचे. ठरावात दिलेले कारण असे होते, की हा आजार फक्त गोऱ्यांना आणि मुख्यतः पुरुषांना होतो, असे अलीकडे उघड झाले आहे; आपले विद्यापीठ अनेक वंशांचे असताना त्याचे कष्ट एका गटासाठी का? ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. देशभर गदारोळ उठला. रुग्ण, पालक, डॉक्टर, माजी विद्यार्थी तुटून पडले आणि आठवडाभरात संघटनेला ठराव मागे घ्यावा लागला.

ठरावातली माहिती चूक होती. हा आजार मुलाला आणि मुलीला सारख्याच प्रमाणात होतो. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो होतो, आणि ते जनुक लिंगसूत्रावर नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत तो जास्त आढळतो हे खरे. कॅनडात सुमारे ३६०० जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण सांगतात. पण 'जास्त' आणि 'फक्त' या दोन शब्दांत एका आजारी मुलाएवढे अंतर आहे. आणखी एक गोष्ट. ज्याला गोऱ्यांचा आजार म्हटले गेले त्याचे जनुक शोधणारे त्सुई हे शांघायमध्ये जन्मलेले आणि हाँगकाँगमध्ये वाढलेले.

त्या मुलांची त्या वेळी पुष्कळ टिंगल झाली. मला मात्र वाटते, की त्यांनी विचारलेला प्रश्न टाकाऊ नव्हता. उत्तर चुकीच्या माहितीवर बेतले होते, एवढेच. अमेरिकेतले उदाहरण घ्या. तिथे सिकलसेलचे रुग्ण सुमारे एक लाख आहेत आणि त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय. सिस्टिक फायब्रोसिसचे रुग्ण याच्या निम्म्याहूनही कमी. तरीही दर रुग्णामागे मिळणाऱ्या खासगी देणग्या आणि संशोधनाचा पैसा पाहिला, तर सिस्टिक फायब्रोसिसचे पारडे कितीतरी पटींनी जड आहे, असे अभ्यासांतून पुढे आले आहे. सिकलसेल कमी दुखतो म्हणून असे झालेले नाही. ज्यांच्या घरात तो आहे त्यांच्या हाती डबा, ओळखी आणि वर्तमानपत्रातला रकाना नव्हता. आपल्या गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांना आणि विदर्भातल्या अनेक दलित कुटुंबांना हे वेगळे सांगावे लागणार नाही.

म्हणजे डब्यावरचे नाव हा पक्षपात असू शकतो, हे कार्लटनच्या मुलांनी बरोबर हेरले. पण तो पक्षपात मोडायचा तर आजाराला वंशाच्या हवाली करून चालत नाही. ते केले की काय होते, हे पाहायला कॅनडा सोडून आपल्याकडे यावे लागते. कारण जो गैरसमज ओटावात आठवडाभर टिकला, तो आपल्या दवाखान्यांत कैक वर्षे मुक्कामाला आहे.

'आपल्याकडे नसतो' असा आजार

सिस्टिक फायब्रोसिस हा गोऱ्यांचा आजार आहे, भारतात तो नसतोच, असा समज आपल्या वैद्यकात दीर्घकाळ होता. १९६८ साली भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात एका रुग्णाची नोंद आली, तरी समज हटला नाही. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. एस. के. काब्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे अशी मुले शोधून, तपासून, लिहून ठेवली. घाम गोळा करण्याचे परदेशी यंत्र परवडत नाही म्हणून त्यांनी देशी पद्धत बसवली आणि २००२ साली ती प्रसिद्ध केली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातूनही अभ्यास झाले.

परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांवरून काढलेला अंदाज असा, की आपल्यात १०,००० ते ४०,००० जन्मांमागे एका बालकाला हा आजार असावा. भारतात वर्षाला ढोबळमानाने २ कोटी ४० लाख जन्म धरले, तर हा आकडा ६०० ते २,४०० होतो. ही मोजणी नव्हे, नुसता गुणाकार आहे. पण 'आपल्याकडे नसतो' या वाक्याच्या शेजारी तो मांडून पाहिला की अस्वस्थ व्हायला होते. ही मुले जातात कुठे?

ती वेगळ्या नावांखाली जातात. सतत खोकणारे, वजन न भरणारे मूल आपल्याकडे दाखवले की आधी क्षयाचा संशय येतो, मग दम्याचा, मग कुपोषणाचा. तिन्ही आजार इथे पुष्कळ असल्याने संशय घेणारा डॉक्टर चुकीचा ठरत नाही. क्षयाची औषधे महिनोन् महिने चालतात, मूल वाळतच राहते. उन्हाळ्यात तर या मुलांच्या घामावाटे इतके मीठ जाते, की काही जणांत आजाराची पहिली खूण रक्तातल्या क्षारांचा तोल ढळणे हीच असते. वाढत्या उन्हाच्या देशात हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता दोन चुलत भावंडांची कल्पना करा. एक टोरोंटोत जन्मले, दुसरे सोलापुरात. ऑन्टॅरियोमध्ये २००८पासून, म्हणजे कार्लटनच्या ठरावाच्याच वर्षापासून, प्रत्येक नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर या आजाराची चाचणी होते. तिथल्या मराठी आईबापांना आजाराचे नावही माहीत नसले तरी यंत्रणा त्यांच्या बाळाची चाचणी करतेच. सोलापूरच्या बाळासाठी अशी यंत्रणा नाही. त्याचे नशीब एखाद्या डॉक्टरला वेळेवर शंका येण्यावर अवलंबून. आणि टोरोंटोच्या बाळाचेही सगळे सुरळीत होईलच असे नाही. या जनुकात दोन हजारांहून अधिक बदल सापडले आहेत, पण चाचण्यांच्या याद्या प्रामुख्याने युरोपीय रुग्णांत आढळणाऱ्या बदलांवरून बनल्या. दक्षिण आशियाई कुटुंबांतले बदल त्यांत निसटू शकतात. डबा ज्यांच्या ओळखीतल्या मुलांसाठी फिरला, त्यांचीच जनुके आधी वाचली गेली.

नाण्याची किंमत

२०१९च्या ऑक्टोबरात अमेरिकेत 'ट्रायकाफ्टा' नावाच्या औषधाला मंजुरी मिळाली. तीन द्रव्यांचे हे औषध त्या बिघडलेल्या प्रथिनालाच ताळ्यावर आणते. ज्यांना ते लागू पडते त्यांच्या आयुष्यात रात्रीतून फरक पडल्याची वर्णने आहेत. कॅनडात जून २०२१मध्ये ते मंजूर झाले आणि प्रांतिक सरकारांनी टप्प्याटप्प्याने खर्च उचलला. त्याची मूळ किंमत वर्षाला तीन लाख अमेरिकी डॉलरांहून अधिक, म्हणजे अडीच कोटी रुपयांच्या घरात.

या औषधाच्या घराण्यामागेही देणग्यांचा पैसा आहे, पण तो अमेरिकेतल्या संस्थेचा. तिने औषध कंपनीच्या संशोधनात भांडवल घातले आणि २०१४ साली आपला स्वामित्वधनाचा हक्क ३३० कोटी डॉलरांना विकला. हा पैसा पुन्हा आजाराच्याच कामी लावण्याचे तिचे धोरण आहे. तरीही हिशेबनीस म्हणून मला एक प्रश्न पडतो. ज्या कामाचा आरंभ रस्त्यावरच्या फुटकळ देणग्यांनी झाला, त्याचे फळ देणाऱ्याच्या ऐपतीपलीकडे कसे गेले? नाणे देताना कोणी परताव्याची अट घालत नाही. औषध स्वस्तात द्यावे लागेल, अशी अट डब्यावर लिहिता आली असती का?

भारतीय पेटंट कायद्यात यावर एक तोड आहे, सक्तीच्या परवान्याची. मार्च २०१२मध्ये मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी देशातला असा पहिला परवाना दिला. कर्करोगावरचे 'नेक्साव्हार' हे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचे होते, ते ८,८०० रुपयांवर आले. २०२३ साली भारतासह काही देशांतल्या सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांनी आणि कुटुंबांनी ट्रायकाफ्टासाठी अशीच मागणी पुढे आणली. पण इथेही जुने दुखणे आडवे येते. हे औषध प्रामुख्याने त्या ५०८व्या जागेच्या दोषावर चालते आणि भारतात तपासल्या गेलेल्या मुलांत त्या दोषाचे प्रमाण युरोपापेक्षा बरेच कमी आहे. म्हणजे परवाना मिळाला, किंमत उतरली, तरी आपल्या पुष्कळ मुलांसाठी कुठले औषध लागेल हे आधी शोधावे लागेल. आणि त्यासाठी आधी मुले शोधावी लागतील.

डबा नसलेल्यांचे काय

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी विशीत होतो. १९९३च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या गावोगावी तरुण पोरे डबे आणि चादरी घेऊन फिरत होती, त्यांत मीही होतो. कशासाठी मागता, असे कोणी विचारल्याचे आठवत नाही. वर्तमानपत्राने ते काम आधीच केले होते. आजाराचा डबा घेऊन उभे राहणाऱ्याला ही सोय नसते. त्याला प्रत्येक माणसापाशी पहिल्यापासून सांगावे लागते: हा कसला आजार, कोणाला होतो, कशाने. पैसे न देता पुढे गेलेला माणूसही नाव ऐकून जातो. साठ वर्षे कॅनडातल्या चौकाचौकांत हे नाव उच्चारले गेले. तिथल्या एखाद्या आजीला नातवाचा घाम खारट लागला तर तिला काही आठवण्याची शक्यता आहे. माझ्या मते शाइनरामाची खरी मिळकत ही आहे. दोन कोटी डॉलर त्यानंतर येतात.

आपले विद्यार्थी देत नाहीत असे नाही. झोळी आणि विद्यार्थी यांचे आपल्याकडे जुने नाते आहे, पण माधुकरी स्वतःच्या जेवणासाठी असे. आज राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत मुले रक्त देतात आणि त्यातले पुष्कळ रक्त थॅलेसेमियाच्या मुलांना चढते. त्यामुळे थॅलेसेमिया हा शब्द महाविद्यालयांत पोचला. लग्नाआधी रक्त तपासून घ्यावे, ही गोष्ट निदान काही घरांत बोलली जाऊ लागली. रक्ताच्या पिशवीनेही डब्याचेच काम केले. जे आजार रक्ताच्या पिशवीने भागत नाहीत, त्यांच्यासाठी आपल्याकडे अजून कोणी चौकात उभे नाही.

सिस्टिक फायब्रोसिसच्या बाबतीत तर पहिले पाऊल पैशाचेही नाही. वारंवार न्यूमोनिया होणारे, भरपूर खाऊनही न भरणारे, तेलकट आणि दुर्गंधी शौच करणारे मूल घरात किंवा शेजारी असेल आणि क्षयाच्या, दम्याच्या औषधांनी उतार पडत नसेल, तर डॉक्टरांना घामाच्या चाचणीविषयी विचारायला हवे. मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांतच ती नीट होते, त्यामुळे प्रवास करावा लागेल. निदान झाले तर पाचक द्रव्याच्या गोळ्या, जास्तीचे मीठ, सकस आहार, छातीचा व्यायाम आणि वेळेवर प्रतिजैविके एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. ट्रायकाफ्टा येण्याच्या कितीतरी आधी कॅनडातल्या मुलांची वर्षे वाढली, त्यात या साध्या उपायांचा वाटा मोठा होता.